‘शाहूंच्या नगरीतून’ राजकीय लेखन करताना

कोल्हापुरात राजकारणावर बोलायला कोणाला शिकवावे लागत नाही. तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात, मिसळीच्या दुकानात ते अखंड चालू असते. परंतु तेच बोलणे स्वतःच्या नावाने लिहून काढायचे आणि समविचारी म्हणवणाऱ्या दहा-बारा जणांपुढे तपासायला ठेवायचे म्हटले की काहींचा हात अडखळतो आणि काहींचा मुळीच अडखळत नाही. पुरोगामी राजकीय लेखन करणाऱ्या अशा एका लहान गटात मी काही वर्षे लिहीत आलो आहे. अडखळणाऱ्याची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण तो हळूहळू लिहिता होतो. पुढील सूचना मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या लेखकासाठी आहेत, आणि सुरुवातीला मी स्वतः त्याच प्रकारचा होतो.

अशा लेखकाचा पहिला लेख बहुधा ‘शाहू-फुले-आंबेडकरांच्या या पुरोगामी नगरीत’ अशा शब्दांनी सुरू होतो आणि ‘हे कदापि खपवून घेतले जाणार नाही’ या वाक्याने संपतो. मधल्या मजकुरात कोणत्याही कार्यालयाचे नाव नसते, तारीख नसते आणि आकडाही नसतो. म्हणून पहिली सूचना अशी की, मसुदा पूर्ण झाल्यावर त्यातील ही तिन्ही नावे खोडून तो पुन्हा वाचावा. नावांवाचून लेखात काही उरत असेल तर ती परत घालायला हरकत नाही. काहीच उरत नसेल तर लेख अजून झालेला नाही असे समजावे आणि कागद शोधायला निघावे.

नावे खोडण्यात अनादर नाही. ज्यांची नावे आपण घेतो त्यांनी स्वतः कसे लिहिले हे पाहिले तर ही सूचना त्यांच्याकडूनच आलेली आहे असे दिसेल. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी राखीव जागांचा जो आदेश काढला, तो नव्या लेखकाने एकदा तरी शब्दशः वाचावा. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गातील उमेदवारांना द्याव्यात, मागासलेले वर्ग म्हणजे कोणते आणि त्यातून कोण वगळले आहेत, ज्या कार्यालयात हे प्रमाण आज ५० टक्क्यांहून कमी आहे तेथील पुढची नेमणूक याच वर्गातून व्हावी, आणि केलेल्या नेमणुकांची माहिती कार्यालयप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी हुजुरांकडे पाठवावी, एवढे सगळे त्या छोट्याशा आदेशात आहे. मला त्यातील शेवटचे कलम सर्वांत मोलाचे वाटते. आदेश काढणाऱ्याला ठाऊक होते की त्याची अंमलबजावणी टाळली जाईल, म्हणून टाळाटाळ उघडी पाडण्याची सोय त्याने आदेशातच करून ठेवली. कोणाला, किती, कधीपासून आणि झाले की नाही हे कसे कळणार, हे चार प्रश्न आपल्या प्रत्येक लेखाला विचारून पाहावेत.

विषय निवडताना जवळचा निवडावा. दिल्लीवर लिहिणे सोपे असते, कारण दिल्लीतले कोणी दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवर समोर येत नाही. आपल्या प्रभागातील बंद पडलेली शाळा, गावच्या पाणंदीवरील अतिक्रमण, पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी, एखाद्या वसतिगृहातील जेवणाचा ठेका किंवा शक्तिपीठ महामार्गात जाणारी जमीन यांपैकी कशावरही लिहिले तर उत्तर देणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो, त्यामुळे लिहिणाराही जपून लिहितो. राष्ट्रीय प्रश्नांवर लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र त्या लेखातही कोल्हापूर जिल्ह्यातील निदान एक दाखला असावा, नाहीतर मुंबई-पुण्यातील दैनिकांत सकाळी आलेले विचार आपण संध्याकाळी पुन्हा लिहून काढत असतो.

कागद मिळवणे

विषय ठरल्यावर आधी जे उघड उपलब्ध आहे ते वाचावे. महापालिकेचा अर्थसंकल्प, जिल्हा परिषदेचे ठराव, शासन निर्णय, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचे इतिवृत्त यांतील पुष्कळ मजकूर मागितल्याशिवायही मिळतो, कारण माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार ठरावीक माहिती कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करायची असते. जे तेथे मिळत नाही त्यासाठी अर्ज करावा.

महाराष्ट्रात हा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर करता येतो आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही शुल्क नाही. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. नवे लेखक नेमके येथे चुकतात. ते अर्जातच लेख लिहून टाकतात आणि ‘सदर काम निकृष्ट का झाले?’ असा प्रश्न विचारतात. माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरात असलेली नोंद. अधिकाऱ्याचे मत किंवा खुलासा या कायद्याने मागता येत नाही. त्याऐवजी ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयके आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात’ असे लिहावे. काम निकृष्ट होते की नव्हते हे त्या कागदांवरून आपण ठरवायचे असते, आणि तेच तर आपले लेखन.

जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. ते आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो हे गृहीत धरूनच लेखाचे वेळापत्रक आखावे. माझा अनुभव असा की, प्रथम अपिलाच्या सुनावणीला आपण स्वतः हजर राहिलो तर बरेचसे कागद त्याच टेबलावर मिळतात. अर्जात अधिकाऱ्याला टोमणा मारू नये. टोमण्याने माहिती लवकर येत नाही, आणि पुढे अर्जाची प्रत लेखासोबत दाखवायची वेळ आली की आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते.

आपल्या बाजूचा प्रश्न, आणि त्याच्या मागचा प्रश्न

कोल्हापुरात राहून उसावर लिहिले नाही असा राजकीय लेखक सापडणे कठीण. म्हणून याच विषयाचा दाखला थोडा सविस्तर घेतो.

एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, थकल्याची तक्रार करणारा लेख लिहायचा असेल तर आधी हिशेब स्वतः करून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यासाठी ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. उतारा १२.२५ टक्के धरला तर वाढीचे २० टप्पे होतात. त्यांचे ६९ रुपये २० पैसे मिळवले की क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे, म्हणजे टनाला ४२४२ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ही रक्कम ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा आणि पैसे एकरकमी द्यायचे की हप्त्यांनी, यावरून वाद न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. एवढे समजून घेतल्यानंतर ‘कारखानदार शेतकऱ्याला लुटतात’ हे वाक्य लिहायची बहुधा गरजच उरत नाही. कोणत्या कारखान्याने किती टनांचे किती दिवस उशिरा दिले आणि व्याज दिले की नाही, एवढे मांडले तरी वाचकाला जे कळायचे ते कळते.

इथवर आलेला लेख चांगला असतो, परंतु तो पुरोगामी आहे असे म्हणायला मी अजून तयार होणार नाही. तोडणी-वाहतुकीचा जो खर्च आपण एका ओळीत वजा केला, त्या ओळीत माणसे आहेत. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी येणारी ऊसतोड मजुरांची कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतात आणि हंगामभर कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहून ती फेडतात. त्यांच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक, त्यामुळे बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब होत नाही आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. मुले फडात असतात किंवा गावाकडे आजीजवळ असतात. दर मागणारा शेतकरी, तोडणीचे दर वाढले म्हणून कुरकुरणाराही तोच शेतकरी, आणि बऱ्याचदा लेखकही त्याच घरातला असतो. माझ्याही घरचा ऊस जातो. आपल्या बाजूच्या मागणीच्या मागे जो माणूस उभा आहे आणि ज्याचे मत आपल्या मतदारसंघात नाही, त्याचा विचार लेखात आला की नाही, ही कसोटी मला कोणत्याही घोषणेपेक्षा विश्वासार्ह वाटते. त्यासाठी फडावर जावे, मुकादमाच्या गैरहजेरीत बोलावे, बाईशी शक्यतो बाईनेच बोलावे आणि नाव छापण्याआधी विचारावे. उचल अंगावर असलेल्या माणसाचे नाव छापले तर पुढल्या वर्षी त्याला काम मिळणार नाही हे आपण लक्षात ठेवायचे असते, त्याने आठवण करून देण्याची वाट पाहायची नसते.

जातीच्या प्रश्नाचेही तसेच. दुसऱ्याच्या जातीतील अन्यायावर लिहिणे सर्वांना जमते. स्वतःच्या भावकीत, पेठेत, मंडळात जे चालते त्यावर वर्षातून निदान एक लेख लिहावा. घरात कोणते लग्न मोडले गेले, गावातील स्मशानभूमी किती आहेत, जत्रेची वर्गणी कोणाकडून घेतली जात नाही, यांवर लिहिताना हात थरथरतो, आणि गटातील जुन्या माणसांना तो लेख वाचताना लगेच ओळखू येतो.

चूक दाखवली गेल्यावर

गटात शिरल्यावर पहिला महिना-दीड महिना इतरांचे वाचावे आणि प्रश्न विचारावेत. आपले मत सांगायची घाई नसावी. हे सांगणे सोपे आहे. मी स्वतः चार दिवसही थांबलो नव्हतो.

माझा पहिला लेख महापुरावरचा होता. शिरोळपासून शहरातल्या शाहूपुरीपर्यंत २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी शिरले त्याची कारणे त्यात होती, कर्नाटकातील आलमट्टी धरण होते, नदीकाठची बांधकामे होती, आणि प्रशासनाने ‘पाणी ४३ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर’ जाईपर्यंत लोकांना हलवले नाही असा ठपकाही होता. प्रयाग चिखलीकडच्या एका शेतकरी सभासदाने लेखाखाली एवढेच लिहिले की, पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ‘एकोणचाळीसला आमची जनावरं निम्मी हललेली असतात’. माझा सगळा ठपका त्या चार फुटांवर उभा होता. मी आधी ‘मुद्दा तो नाही’ असे उत्तर लिहिले, ते तासभर तसेच राहू दिले, आणि मग लेख दुरुस्त करून काय चुकले होते ते वरतीच लिहिले. चूक गुपचूप पुसून टाकू नये, कारण ज्याने मूळ लेख वाचला त्याला आपण खोटे पाडतो. दुरुस्ती करणाऱ्याचे आभार मानावेत, त्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. तो शेतकरी आज माझे पुरावरचे प्रत्येक लेखन छापण्याआधी वाचतो, आणि अजूनही काही ना काही काढतोच.

गटातील मतभेदांत एक सवय विशेष घातक असते. समोरच्याचा मुद्दा खोडता येत नाही असे दिसले की त्याच्या पुरोगामित्वावरच प्रश्न उभा केला जातो, आणि तो ‘छुपा अमुक’ ठरतो. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे म्हणजे शेकापवाले, आंबेडकरवादी, सत्यशोधक, नुसतेच काँग्रेसी असे सगळे कोल्हापुरात एकाच चहाच्या टेबलावर बसत आले आहेत आणि एकमेकांवर कडाडून टीकाही करत आले आहेत. शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात शेकापचे प्रा. एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. गोविंद पानसरे हे दोन वेगळ्या पक्षांचे नेते बरोबरीने उभे होते, ते सर्व प्रश्नांवर एकमत झाले म्हणून नव्हे. टोल नको, एवढ्यावर एकमत पुरेसे होते. लेखाच्या खाली वाद घालताना कोणत्या मुद्द्यावर आपले पटते हे आधी एका वाक्यात लिहावे आणि मग कोठे पटत नाही ते लिहावे. एवढ्याने निम्मी भांडणे टळतात. उरलेली होऊ द्यावीत.

विरोधी विचाराच्या माणसाशी बोलताना त्याच्या लेखनातील सर्वांत कमकुवत वाक्य उचलू नये. त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावा आणि मग त्याला उत्तर द्यावे. जो केवळ शिव्या देतो त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

कायदा आणि काळजी

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावरील मर्यादाही सांगितल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्यात बदनामीसाठी कलम ३५६ आणि समाजगटांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६ आहे. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, ‘अमुक माणूस भ्रष्ट आहे’ असे लिहू नये. ‘अमुक देयकावर अमुक तारखेला सही आहे आणि मोजमाप पुस्तिकेत त्या कामाची नोंद नाही’ असे लिहावे व कागदाची प्रत जपून ठेवावी. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी लेखी विचारावे, त्याचे उत्तर आले तर ते छापावे आणि आले नाही तर तेही नमूद करावे. शंका वाटेल तेथे वकिलाला दाखवावे. गटात एखादा वकील असणे ही चैन नव्हे.

धार्मिक तणावाच्या दिवसांत लेखणीला थोडी विश्रांती द्यावी, असे माझे मत आहे आणि ते गटातील अनेकांना मान्य नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरील स्टेटसच्या निमित्ताने शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि इंटरनेट सेवा बंद करावी लागली. अशा वेळी मिळालेले चित्र किंवा चलचित्र, ते खोडून काढण्यासाठी का होईना, पुढे पाठवू नये. आपण निषेधाने पाठवलेलेही शेवटी पसरतेच. ते कोठले, केव्हाचे, कोणी काढलेले हे कळेपर्यंत थांबावे. नंतर सविस्तर लिहावे, आणि ज्यांची दुकाने फुटली त्यांच्याशी बोलून लिहावे.

भीतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेल्या पानसरे दांपत्यावर याच शहरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला कॉ. पानसरे यांचे निधन झाले. त्यामुळे धमकी आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. ती जशीच्या तशी जतन करावी, गटातील दोघा-तिघांना त्याच दिवशी सांगावे, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि घरच्यांपासून लपवू नये. घराचा पत्ता, मुलांच्या शाळा, रोजचा रस्ता यांची छायाचित्रे लेखनासोबत कधीही देऊ नयेत. नोकरीमुळे कोणाला टोपणनावाने लिहावे लागत असेल तर त्याचा मान राखावा आणि गप्पांच्या ओघातही खरे नाव बाहेर जाऊ देऊ नये.

लेखानंतर

लेख लिहून झाला की काम संपले असे मानणारा गट लवकर कंटाळतो. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या गोष्टी गावात होऊ नयेत, असा तो ठराव होता, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. हजार लेखांनी जे होत नाही ते कधी कधी ठरावाच्या काही ओळींनी होते, आणि त्या ओळी कोणीतरी लिहून आणाव्या लागतात.

तेव्हा आपला लेख ज्या प्रश्नावर आहे त्याचा ठराव होऊ शकतो का, हे पाहावे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) आधीच लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा पाच-सहा वाक्यांचा असावा आणि त्यात ‘प्रबोधन करावे’ यासारखी कोणालाच बांधून न घेणारी क्रियापदे टाळावीत. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवावेत, त्यांपैकी एक तरी महिला असावी, आणि सभेत गणपूर्ती होईल एवढी माणसे आपण स्वतः घरोघरी जाऊन बोलवावीत. ठराव मंजूर झाल्यावर इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी, आणि तीन महिन्यांनी त्याच गावात जाऊन, ठराव हेरवाडसारखा असेल तर त्यानंतर गावात किती जणी विधवा झाल्या आणि त्यांपैकी किती जणींच्या हातात बांगड्या राहिल्या, हे विचारून त्याचा लेख लिहावा.